क्लिंटनचा चर

अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा यांच्या सीमाप्रदेशात पाच विशाल सरोवरे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या काठी नवे शेतकरी वस्ती करू लागले होते. परंतु पिकविलेले धान्य अटलांटिक किनाऱ्यावरील बाजारात न्यावे कसे, हा यक्षप्रश्न होता. एरी सरोवराकाठच्या बफेलोहून न्यूयॉर्क शहरी एक टन माल गाडीने नेण्यास सुमारे १०० डॉलर पडत. ही अडचण दूर करण्याचा ध्यास एका पुरुषाने घेतला. त्यांचे नाव डीविट क्लिंटन.

क्लिंटन यांचा जन्म २ मार्च १७६९ रोजी न्यूयॉर्क प्रांतात झाला. कोलंबिया महाविद्यालयाची पदवी घेऊन ते वकील झाले व पुढे न्यूयॉर्क शहराचे महापौर झाले. एरी सरोवर व हडसन नदी कालव्याने जोडावी, या योजनेच्या विचारासाठी १८१० साली आयोग नेमला गेला. त्याचे सभासद या नात्याने क्लिंटन यांनी तो प्रदेश स्वतः हिंडून पाहिला.

पुढची वर्षे कसोटीची ठरली. १८१२ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ते पराभूत झाले. १८१५ साली महापौरपदही गेले. पण त्यांनी कालव्याचा पाठपुरावा सोडला नाही. राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांना ही कल्पना पूर्वीच वेडेपणाची वाटली होती. पुढेही मध्यवर्ती सरकारचे साहाय्य मिळाले नाही. अखेर १८१७ साली न्यूयॉर्क राज्याने स्वबळावर हे काम अंगावर घेतले. त्याच वर्षी क्लिंटन गव्हर्नर झाले आणि ४ जुलै रोजी रोम या गावी खोदाईस प्रारंभ झाला.

कालवा ३६३ मैल लांब, ४० फूट रुंद व ४ फूट खोल व्हावयाचा होता. सरोवर नदीपेक्षा सुमारे ५७० फूट उंच! म्हणून वाटेत ८३ दगडी हौद बांधले. त्यांना लॉक म्हणतात. होडी हौदात शिरली की दार लावावयाचे आणि पाणी भरून होडी वर चढवावयाची, किंवा पाणी सोडून खाली उतरवावयाची. कालवे बांधण्याचे शिक्षण घेतलेले अभियंते देशात जवळजवळ नव्हतेच. भूमापन जाणणारी माणसे काम करता करताच शिकली. दलदलीत मजूर तापाने मेले. विरोधक मात्र या कामाला ‘क्लिंटनचा चर’ म्हणून हिणवीत राहिले. १८२४ साली त्यांनी क्लिंटन यांना कालव्याच्या आयोगावरून काढूनही टाकले. हा अन्याय लोकांना सहन झाला नाही. त्याच वर्षी त्यांनी क्लिंटन यांना पुन्हा गव्हर्नर निवडले.

२६ ऑक्टोबर १८२५ रोजी बफेलोहून पहिली नौका निघाली. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर क्लिंटन यांनी एरी सरोवराचे पाणी आपल्या हातांनी समुद्रात ओतले.

काठावरून घोडे व खेचरे होड्या ओढू लागली. वाहतुकीचा खर्च टनामागे सुमारे १० डॉलरांवर आला. खोदाईचे कर्ज जकातीतून फिटले आणि न्यूयॉर्क हे देशातील अग्रगण्य बंदर बनले. मात्र ज्यांच्या भूमीतून कालवा गेला, त्या मूळ रहिवाशांच्या वाट्याला ही समृद्धी आली नाही.

११ फेब्रुवारी १८२८ रोजी, गव्हर्नरपदावर असतानाच, क्लिंटन यांचे निधन झाले. राज्याला संपन्न करणाऱ्या या पुरुषाने मागे ठेवले ते कर्जच. परंतु ज्या चराला लोक हसले, त्याच चरातून पुढे एका राष्ट्राचे धान्य वाहिले.