दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहणारा संशोधक

राणीमाशी आणि नर यांचे मीलन कोठे व कसे होते, हे कोडे अठराव्या शतकातील निसर्गअभ्यासकांना सुटत नव्हते. पोळ्यात ते कोणी पाहिले नव्हते. नरांच्या नुसत्या गंधाने राणी फलित होते, असे डच शास्त्रज्ञ स्वामरडॅम यांचे मत होते. तर मासे करतात त्याप्रमाणे नर अंड्यांवर वीर्य शिंपडतात, असे काहींना वाटे. या वादाचा निकाल लावला तो जिनिव्हाच्या फ्रान्स्वा ह्यूबर यांनी. विशेष म्हणजे ह्यूबर अंध होते.

२ जुलै १७५० रोजी एका सुस्थित घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील चित्रकार आणि व्होल्तेअरच्या परिचयातले. पंधराव्या वर्षाच्या सुमारास फ्रान्स्वा यांची दृष्टी मंदावू लागली आणि पुढे ती पूर्णपणे गेली. मारी-एमे लुलँ या तरुणीशी त्यांचे मन जुळले होते. परंतु आंधळा जावई तिच्या वडिलांना मान्य नव्हता. कायद्याने सज्ञान होईपर्यंत, म्हणजे पंचविसाव्या वर्षापर्यंत ती थांबली आणि मग तिने ह्यूबर यांच्याशीच विवाह केला. हा संसार सुमारे चाळीस वर्षे टिकला.

घरातील नोकर फ्रान्स्वा ब्युर्नेन्स त्यांना ग्रंथ वाचून दाखवीत असे. त्याची चिकाटी हेरून ह्यूबर यांनी त्याला निरीक्षणाचे शिक्षण दिले. प्रश्न आणि प्रयोगाची आखणी ह्यूबर यांची. डोळे व हात ब्युर्नेन्सचे. पुस्तकाच्या पानांप्रमाणे उघडणारी पेटी ह्यूबर यांनी तयार करविली. एकदा तर अंडी घालणारी कामकरी माशी शोधण्यासाठी ब्युर्नेन्सने दोन पेट्यांतील प्रत्येक माशी हाती घेऊन तपासली. डंख सोशीत हे काम अकरा दिवस चालले.

नरांना सच्छिद्र डबीत ठेवून पाहिले असता केवळ गंधाने राणी फलित झाली नाही. पेटीत कोंडलेली राणी भोवती नर असूनही वांझ राहिली. १७८८ मध्ये मात्र मोकळी सोडलेली राणी आकाशात भरारी घेऊन मीलनाच्या खुणांसह परतली आणि दोन दिवसांच्या आत अंडी घालू लागली. तीन आठवड्यांहून अधिक काळ अडवून ठेवलेल्या राणीपासून केवळ नरच जन्मतात, हेही त्यांना आढळले. त्याचे कारण मात्र त्यांना उमगले नाही. फलित न झालेल्या अंड्यांतून नर निपजतात, हे १८४५ मध्ये झिएर्झोन यांनी मांडले. ह्यूबर यांची निरीक्षणे १७९२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे ब्युर्नेन्स आपल्या गावी परतला, तेव्हा पत्नी आणि मुलगा पिएर यांनी ह्यूबर यांना डोळ्यांची उणीव भासू दिली नाही. २२ डिसेंबर १८३१ रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

एका मीलनानंतर राणी निदान दोन वर्षे फलित अंडी घालते, असा त्यांचा निष्कर्ष होता. राणी सामान्यतः दहा ते वीस नरांशी मीलन करते, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. मीलनानंतर नर तत्काळ मरतो; परंतु त्याचे शुक्राणू राणीच्या शुक्रकोशात काही वर्षे जिवंत राहतात. या कोशात जागा मर्यादित असते, म्हणून निरनिराळ्या नरांच्या शुक्राणूंमध्ये स्पर्धा लागते. वीर्यातील द्रव केवळ शुक्राणू वाहून नेत नाही. तो आपल्या शुक्राणूंना पोसतो आणि परक्या शुक्राणूंचा घात करतो, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. २०१९ मधील संशोधनातून त्याहून विलक्षण गोष्ट पुढे आली. या द्रवातील घटक राणीच्या मेंदूवर परिणाम करून तिची दृष्टी मंद करतात. परिणामी पुढच्या भरारीत ती वाट चुकण्याचा धोका वाढतो. मात्र ती घरीच राहिली, तर नंतरच्या नरांना संधी मिळत नाही. राणीचा कल मात्र दृष्टी मंदावण्यापूर्वी लगबगीने पुन्हा बाहेर पडण्याकडे असतो, कारण अनेक नरांची संतती वसाहतीला अधिक बळकट करते.

पोळ्याबाहेरच्या ज्या भरारीकडे ह्यूबर यांनी जगाचे लक्ष वेधले, तिच्यातील हा संघर्ष उलगडण्यास त्यांच्यानंतर दोन शतके लागली.