पिनकोडवाले वेलणकर आणि तुमच्या वायफायमधलं सबनेट

ऑनलाइन काही मागवलं की पत्त्याच्या शेवटी आपण सहा आकडे टाकतो. मी माझगावात राहतो, त्यामुळे माझे आकडे ४०००१०. ते टाकले की डिलिव्हरी मिळणार की नाही, हे अ‍ॅप लगेच सांगतं. हे सहा आकडे ज्यांच्या डोक्यातून आले त्यांचं नाव श्रीराम भिकाजी वेलणकर. इंजिनिअरिंगला सबनेटिंग शिकवताना आम्हाला थेट बायनरीच्या विहिरीत ढकललं होतं. पास झालो, पण कळलं काही नाही. कळलं ते नोकरीला लागल्यावर, आणि तेही पिनकोडवरून. म्हणून आज वेलणकरांची गोष्ट सांगतो. सबनेट वाटेत येईलच.

वेलणकरांचा जन्म १९१५ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. संस्कृत हे त्यांचं पहिलं प्रेम आणि टपाल खातं ही नोकरी. आपल्याला ही जोडी विचित्र वाटते, पण त्यांनी दोन्ही आयुष्यभर सांभाळलं. खात्यात चढत चढत ते केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव झाले. पोस्ट आणि टेलिग्राफ बोर्डाचे ते ज्येष्ठ सदस्यही होते.

तेव्हा टपालाची अडचण काय होती बघा. एकाच नावाची गावं देशभर विखुरलेली. कुणी पत्ता मराठीत लिहितो, कुणी तमिळमध्ये, कुणी बंगालीत. त्यात अक्षर वाईट आणि स्पेलिंग चुकीचं. पत्रं छाटायला बसलेल्या माणसाला अख्ख्या देशाचा नकाशा पाठ असेल तरच पत्र योग्य थैलीत पडणार. नवा माणूस बसला की पत्र चुकलंच. नोकरीचं बोलावणं किंवा मनीऑर्डर चुकीच्या जिल्ह्यात फिरून आठवड्याने आली तर घरात काय होत असेल, विचार करा. फोन सगळ्यांकडे नव्हतेच.

यावर वेलणकरांची पद्धत अशी, की कुणालाच अख्खा देश पाठ असायची गरज नाही. पहिला आकडा देशातला मोठा विभाग सांगतो. आपला ४, त्यात महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेश आणि गोवाही येतात. असे आठ विभाग, आणि ९ हा आकडा लष्कराच्या टपालासाठी. दुसरा आकडा त्या विभागाचा भाग दाखवतो, तिसरा छाटणीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन आकडे थेट पोस्ट ऑफिस. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली. आता कोलकात्यात बसलेल्या माणसाला माझगाव कुठे आहे हे माहीत नसलं तरी चालतं. त्याने फक्त ४ बघायचा आणि पत्र पश्चिमेच्या थैलीत टाकायचं. पुढचं पुढचे लोक बघतील. आणि आकडे वाचायला तमिळ किंवा बंगाली यावी लागत नाही.

मला सगळ्यात भारी वाटते ती मुंबईची गोष्ट. पिनकोडच्या आधीपासून मुंबईत टपालाचे विभाग होते. घरात जुनं मराठी पुस्तक असेल तर पहिली पानं उघडा, प्रकाशकाच्या पत्त्यात गिरगाव, मुंबई ४ असं काहीतरी छापलेलं सापडेल. माझगाव होतं मुंबई १०, परळ मुंबई १२, दादर मुंबई १४. पिनकोड आला तेव्हा हे आकडे फेकून दिले नाहीत. त्यांच्यापुढे ४०० लावलं, मधली जागा शून्याने भरली आणि झालं. गिरगाव ४००००४, माझगाव ४०००१०, परळ ४०००१२, दादर ४०००१४. जुना पोस्टमन गोंधळला नाही आणि बाहेरच्या जगाला ४०० पुरलं. चालू सिस्टीम न मोडता वर नवा थर चढवणं किती अवघड असतं, ते सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा.

आता तुमच्या फोनकडे या. वायफायच्या माहितीत बहुतेक १९२.१६८.१.५ असा काहीतरी आयपी अ‍ॅड्रेस दिसेल आणि त्याच्याजवळ २५५.२५५.२५५.०. हा दुसरा आकडा म्हणजे सबनेट मास्क. पिनकोडमध्ये ४०० कुठे संपतं हे आपल्याला ठरलेलं माहीत असतं, आयपीमध्ये ते मास्क सांगतो. जिथे २५५ आहे तो भाग नेटवर्कचा, जिथे ० आहे तो एकेका यंत्राचा. म्हणजे १९२.१६८.१ हे तुमच्या घराचं ४००, आणि ५ हे तुमच्या फोनचं ०१०. समोरच्याचा पुढचा भाग आपल्यासारखाच असेल तर फोन थेट त्याच्याशी बोलतो. वेगळा असेल तर पाकीट राउटरकडे देतो, जसं परगावचं पत्र मोठ्या पोस्टात जातं.

मग एका नेटवर्कचे तुकडे का करायचे? माझ्या पहिल्या नोकरीत, एका छोट्या ऑफिसात, सगळं एकाच नेटवर्कमध्ये होतं. अकाउंट्सचे कॉम्प्युटर, कॅमेरे, पाहुण्यांचे मोबाइल, सगळं. एका हुशार माणसाने घरचा राउटर आणून भिंतीतल्या पोर्टला जोडला. तो राउटर सगळ्यांना स्वतःच्या मनाने आयपी वाटत सुटला आणि अख्खं ऑफिस दुपारभर बंद. पगाराचा दिवस होता. तुकडे केलेले असते तर फक्त त्याचा विभाग बसला असता. शिवाय एका नेटवर्कमधलं प्रत्येक यंत्र अधूनमधून सगळ्यांना ओरडून विचारतं, अमुक पत्ता कुणाचा? पाचशे यंत्रं असतील तर तो नुसता बाजार होतो.

तुकडे करणं सोपं आहे. १९२.१६८.१ मध्ये ० ते २५५ असे २५६ पत्ते. त्यांचे चार भाग करा: ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१, १९२ ते २५५. मास्क होतो २५५.२५५.२५५.१९२. प्रत्येक भागात ६४ पत्ते, पण पहिला नेटवर्कच्या नावाचा आणि शेवटचा सगळ्यांना हाक मारायचा, म्हणून वापरायला ६२. एक भाग अकाउंट्सला, एक कॅमेऱ्यांना, एक पाहुण्यांना, एक शिल्लक. आता १९२.१६८.१.७० पाहुण्यांमध्ये असेल तर अकाउंट्सच्या १९२.१६८.१.१० कडे जायला त्याला राउटरमधूनच जावं लागेल, आणि तिथे अडवता येतं.

पिनकोड मात्र इथे मागे पडतो. त्यातली रेघ पक्की आहे, तीन आकडे इकडे, तीन तिकडे. विरळ वस्तीच्या जिल्ह्यालाही हजार क्रमांक आणि मुंबईलाही हजारच. मुंबईचं त्यात भागलं. ठाणे ४००६०१ आणि वाशी ४००७०३ हेही त्याच ४०० मध्ये बसले. इंटरनेटचं भागलं नाही. तिथेही सुरुवातीला पक्क्या रेघा होत्या. छोटं नेटवर्क २५६ पत्त्यांचं आणि त्यावरचं थेट ६५,५३६ चं. तीनशे यंत्रं असलेल्याने काय करायचं? १९८५ मध्ये जेफ्री मोगल आणि जॉन पोस्टेल यांनी सबनेटचं प्रमाण लिहिलं आणि संस्थेला आपल्या आतली रेघ सरकवता आली. १९९३ मध्ये बाहेरच्या पक्क्या रेघाही गेल्या. वेलणकरांना दोष नाही. त्यांची रेघ माणसाच्या डोळ्यांसाठी होती, आणि माणसाला पक्कीच रेघ बरी.

१९७३ मध्ये दिल्लीत टपाल तिकिटांचं जागतिक प्रदर्शन भरलं, त्याचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला निवृत्त झाले. मुंबईत देववाणी मंदिरम् ही त्यांची संस्था संस्कृतसाठी काम करायची. त्यांनी शंभरावर पुस्तकं आणि नाटकं लिहिली. त्यातलं विलोमकाव्य सरळ वाचलं की रामाचं, उलटं वाचलं की कृष्णाचं. गंमत म्हणजे पाकिटावरचा पत्ताही आपण नावापासून लिहितो आणि पोस्टवाला खालून वर वाचतो.

१९९६ मध्ये त्यांना संस्कृतसाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. त्याच्या वर्षभर आधी, पुन्हा १५ ऑगस्टलाच, भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं होतं. वेलणकर १९९९ मध्ये मुंबईत गेले.