शिपाई रॉबर्ट, आई डेबोरा

नवरा गेला की त्याचं पेन्शन बायकोला लागू होतं, हे आपल्याला चांगलंच ठाऊक आहे. पहिल्या तारखेला बँकेत पासबुक घेऊन बसलेल्या कितीतरी आजी आपल्या ओळखीच्या असतात. पण बायको वारली आणि ती सैनिक होती म्हणून तिचं पेन्शन मला द्या, असा अर्ज घेऊन एक म्हातारा शेतकरी सरकारच्या दारात गेला, असं कधी ऐकलंय? १८३०च्या दशकात अमेरिकेत हे घडलं. कायद्यात शब्द होता फक्त विधवा. बायको सैनिक असेल आणि नवरा मागे उरेल, हे कायदा लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही आलेलं नव्हतं!

त्या म्हाताऱ्याचं नाव बेंजामिन गॅनेट. आणि त्याची बायको डेबोरा सॅम्सन. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना हे नाव माहीत असतं. पुरुषाच्या वेशात लढलेली बाई म्हणून. गोष्ट बहुतेक वेळा तिथेच संपवतात. मला मात्र तिची खरी लढाई वर्दी उतरवल्यानंतर सुरू झाली असं वाटतं.

डेबोराचा जन्म १७ डिसेंबर १७६०चा, मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिम्प्टन गावातला. आईकडून घराणं मोठं. प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांचा वंश. पण घराण्याच्या नावानं चूल पेटत नाही. वडील एक दिवस घर सोडून गेले. समुद्रात बुडाले असं घरी सांगण्यात आलं. प्रत्यक्षात त्यांनी दूर मेनच्या बाजूला दुसरा संसार थाटला होता. आईला एवढी पोरं पोसणं शक्य नव्हतं, तिनं ती इकडेतिकडे ठेवली. डेबोरा दहाएक वर्षांची असताना मिडलबरो गावच्या टॉमस कुटुंबात कामाला गेली, ती अठराव्या वर्षापर्यंत करारानं बांधलेली. घरात मुलगेच मुलगे. त्यांच्याबरोबर नांगरणी, गुरं, सुतारकाम सगळं केलं आणि त्यांच्याच पुस्तकांवरून लिहायला-वाचायला शिकली. सुटका झाल्यावर दोन उन्हाळे तिनं शाळेत शिकवलं, एरवी लोकांच्या घरी माग चालवून पोट भरलं. एकटी, बिनलग्नाची, उंच अंगलटीची मुलगी. गावात लोक काय बोलत असतील, ते सांगायला नको!

तेव्हा अमेरिकेचं इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. १७८१च्या यॉर्कटाउनच्या विजयानंतर मोठ्या लढाया संपल्या होत्या, पण तह झालेला नव्हता. सैन्य उभं ठेवायचं तर माणसं हवीत, आणि युद्धाला कंटाळलेली माणसं मिळत नव्हती. म्हणून भरती होणाऱ्याला रोख बक्षीस मिळे. १७८२च्या जानेवारीत डेबोरानं पुरुषाचे कपडे घालून टिमथी थेअर या नावानं बक्षीस घेतलं. पण बिंग फुटलं. उरलेले पैसे परत करावे लागले. गावातल्या एका सैनिकानं ही भानगड त्याच वेळी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली होती. ती रोजनिशी अगदी अलीकडे, २०१९मध्ये, एका संग्रहालयाच्या हाती आली. पुढे चर्चनंही डेबोराला बाहेर काढलं, पण तोवर ती लष्करात पोचलीसुद्धा होती.

कारण मे महिन्यात ती दूरच्या अक्सब्रिज गावी गेली आणि रॉबर्ट शर्टलिफ म्हणून पुन्हा भरती झाली. देशप्रेम होतं, तसाच पैशाचाही मोह असणार. मला त्यात वावगं वाटत नाही. तिच्यासारख्या मुलीला एवढी रक्कम एरवी कुणी दिली असती?

चौथ्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटच्या हलक्या पायदळात तिची निवड झाली. चपळ, उंच जवानांची ही तुकडी हडसन नदीच्या खोऱ्यात, वेस्ट पॉइंटच्या आसपास गस्त घाली. छातीला कापड घट्ट आवळलेलं. शिपाई अंगावरच्या कपड्यांतच झोपत, अंघोळीची फारशी चैन नसे, म्हणून निभावलं. दाढी-मिशी नाही म्हणून बाकीचे तिला पोरगेला समजून चिडवत, एवढंच. टॅरीटाउनजवळच्या चकमकीत ती जखमी झाली. असं सांगतात की डोक्याची जखम डॉक्टरला दाखवली, पण मांडीत गोळी शिरल्याचं लपवलं आणि एकांतात चाकू आणि सुईनं स्वतःच ती उकरून काढली. दुसरी गोळी खोल होती, ती तशीच राहिली. कल्पना करा बाई! दुखतंय म्हणून ओरडायचीही चोरी.

१७८३मध्ये तिला जनरल जॉन पॅटर्सन यांच्या दिमतीला नेमलं. त्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात तापानं ती बेशुद्ध पडली आणि तपासताना डॉ. बार्नबस बिनी यांच्या लक्षात सगळं आलं. त्यांनी गवगवा केला नाही. तिला आपल्या घरी नेलं, घरच्या बायकांकरवी शुश्रूषा केली आणि बरी झाल्यावर जनरलना चिठ्ठी धाडली. शिक्षा होणार असंच तिला वाटलं असेल. पण २५ ऑक्टोबर १७८३ रोजी तिला सन्मानानं मोकळं करण्यात आलं. सुमारे सतरा महिन्यांची नोकरी. तीही चोख.

१७८५च्या एप्रिलमध्ये तिनं शॅरनच्या बेंजामिन गॅनेटशी लग्न केलं. माणूस साधा, जमीन थोडी आणि हलकी. अर्ल, मेरी आणि पेशन्स ही तीन मुलं झाली. शिवाय सुझॅना नावाची एक पोरकी मुलगीही तिनं सांभाळली. मांडीतली गोळी मात्र थंडीपावसात आणि शेतातल्या कामात आठवण करून देई. घरात पैशाची चणचण कायमची. आणि इतर सैनिकांना मिळालेला पगार हिला मिळालाच नव्हता, कारण ती बाई!

मग तिनं कागद हातात घेतले. १७९२मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. राज्यानं ३४ पौंड आणि व्याज मंजूर केलं, मंजुरीवर गव्हर्नर जॉन हॅनकॉक यांची सही आहे. १७९७मध्ये हर्मन मॅन या गृहस्थानं तिचं चरित्र छापलं. त्यात त्यानं इतका मीठमसाला घातला, की ती भरती होण्याआधीच झालेल्या यॉर्कटाउनच्या लढाईतही तिला नेऊन बसवलं. खरी हकिकत काही कमी होती का? पण त्यामुळे पुढे लोकांनी तिच्या खऱ्या गोष्टीवरही शंका घेतल्या.

१८०२मध्ये तर तिनं कमालच केली. वय एक्केचाळीस.  मुलांना मागे ठेवून ती भाषणांच्या दौऱ्यावर निघाली. बोस्टनच्या नाटकगृहापासून सुरुवात झाली, मग प्रॉव्हिडन्स, ऑल्बनी, न्यूयॉर्क. अमेरिकेत तिकीट लावून भाषणं देत फिरणारी ती अगदी पहिल्या बायकांपैकी. भाषणाच्या वेळी अंगात बाईचे कपडे. आपण बाईची मर्यादा ओलांडली म्हणून आधी जणू दिलगिरी. मग आत जाऊन वर्दी चढवायची आणि बंदुकीची कवायत अशी करून दाखवायची, की बघणारे थक्क व्हावेत. आधी माफी, मग बंदूक! जगरहाटी सांभाळायची कला तिला बरोबर अवगत होती. वाटेत आपले जुने जनरल पॅटर्सन यांच्याकडेही ती राहून आली. तिची या दौऱ्यातली रोजनिशी शिल्लक आहे, आणि तीत हिशोब आहेत. मिळकत किती, खर्च किती. घर चालवणाऱ्या बाईचीच वही.

तरी गोळीच्या जखमेचं पेन्शन बाकी होतं. इथे मदतीला आला शेजारच्या गावचा पॉल रिव्हिअर. १७७५मध्ये इंग्रज फौजा येताहेत हे सांगत रातोरात घोडा दौडवणारा अमेरिकेच्या इतिहासातला प्रसिद्ध माणूस. १८०४मध्ये त्यानं काँग्रेसच्या सदस्याला पत्र लिहून तिची कड घेतली. आपल्याला धिप्पाड, पुरुषी बाई दिसेल असं वाटलं होतं, पण भेटली ती बोलकी, शिकलेली, चांगली गृहिणी आणि आई, असा त्या पत्राचा सूर. म्हणजे बाई लढली एवढं पुरेसं नव्हतं. ती घरंदाज आहे, हेही एका पुरुषाला लिहून द्यावं लागलं! असो. १८०५पासून महिना ४ डॉलर सुरू झाले. पण त्यात काय भागणार? पुढच्याच वर्षी आपलं आणि मुलाचं आजारपण सांगून तिनं रिव्हिअरकडे १० डॉलर उसने मागितले होते. तिचे अर्ज थांबले नाहीत. मागची थकबाकी मागितली तर नकार आला. १८१८च्या नव्या कायद्यानंतर मात्र महिना ८ डॉलर मिळू लागले.

२९ एप्रिल १८२७ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी ती गेली. आणि मग बेंजामिननं अर्ज केला. युद्धातल्या बायकोशी लग्न झालं ते युद्ध संपल्यावर, त्यामुळे कायद्याच्या काट्यावर तो बसत नव्हता. पण काँग्रेसच्या समितीनं १८३७मध्ये मान्य केलं, की अशा शौर्याचं दुसरं उदाहरण त्या युद्धात नाही. पैसे हातात पडायच्या आत म्हातारा वारला. १८३८मध्ये ४६६ डॉलर ६६ सेंट तिच्या वारसांना मंजूर झाले. २०२१मध्ये अमेरिकेत माजी महिला सैनिकांच्या आरोग्यसेवेसाठी कायदा झाला, त्याला तिचंच नाव आहे.

शॅरनमध्ये तिची कबर आहे. दगडाच्या पुढच्या बाजूवर ती फक्त बेंजामिन गॅनेटची बायको आहे. मागच्या बाजूवर नंतर कोरलेल्या अक्षरांत रॉबर्ट शर्टलिफचं नाव आहे आणि ती सैनिक असल्याची नोंद. भरतीचं साल तेवढं तिथेही एक वर्षानं चुकलंय.