रिद्धपूरचे गोविंदप्रभू आणि आपल्या वर्गातलं वेगळं मूल



रिद्धपूर म्हटलं की आता मराठी भाषा विद्यापीठ आठवतं. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं हे गाव. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानलं जाणारं लीळाचरित्र म्हाइंभटांनी इथंच सिद्ध केलं. पण त्याआधीपासून हे गाव ओळखलं जातं ते श्री गोविंदप्रभूंमुळे, म्हणजेच गुंडम राऊळांमुळे. तुमच्या घरात किंवा वर्गात इतरांसारखं न शिकणारं, एका जागी न बसणारं, कमी किंवा वेगळं बोलणारं मूल असेल, तर प्रभूंचं चरित्र तुम्हाला बरंच काही देऊन जाईल.

बालपण

प्रभूंचा जन्म रिद्धपूरजवळच्या काटसुरे गावचा. वडील अनंतनायक, आई नेमाइसा. आईवडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं आणि मामा-मावशींनी त्यांना रिद्धपूरला आणून वाढवलं. मुंज झाली, बोपो उपाध्यांकडे अध्ययन सुरू झालं. बुद्धी तल्लख होती. पुढे मात्र त्यांची राहणी चारचौघांसारखी राहिली नाही. लोक त्यांना वेडे म्हणत आणि देवही म्हणत.

गावानं सांभाळलेलं माणूस

तेराव्या शतकातलं रिद्धपूर डोळ्यांसमोर आणा. प्रभू दिवसभर गावात फिरायचे. देवळं, विहिरी, बाजार, शिवार, सगळीकडे त्यांचा वावर. मनात आलं की कुणाच्याही घरात शिरायचे, आवडलेला पदार्थ उचलून खायचे. मुलांसारखे खेळायचे, आपल्याशीच हसायचे, देवळातल्या मूर्तींशी बोलायचे. त्यांचं बोलणं तुटक, घडीत रागाचं तर घडीत मायेचं. जातीची शिवही त्यांनी पाळली नाही. मातंगांच्या घरीही ते जात.

चक्रधर स्वामी, म्हणजे गुजरातेतल्या भडोचहून आलेले हरिपाळ, त्यांना इथं भेटले. तेव्हाही प्रभूंनी मोठा उपदेश केला नाही. खाता खाता हातातलाच खाऊ त्यांना प्रसाद म्हणून दिला. एवढ्यानं एका पंथाची वाट उघडली.

गावाला हे सगळं सोपं गेलं असेल का? घरात कुणी विचारल्याशिवाय येतो, शिजवलेलं खातो, हे रोज सोसायचं म्हणजे काय, ते आपण समजू शकतो. तरीही गावानं त्यांना वेशीबाहेर काढलं नाही. उलट गावकरी त्यांना आपली माय आणि आपला बाप मानू लागले.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. महानुभाव पंथात गोविंदप्रभू हे पंचकृष्णांपैकी एक, म्हणजे परमेश्वराचा अवतार आहेत. आजच्या एखाद्या निदानाचं लेबल त्यांना लावणं योग्य नाही, आणि आपल्याला त्याची गरजही नाही. आपण पाहायचं आहे ते त्यांच्याभोवतीच्या माणसांकडे.

लग्नाचा खेळ

चक्रधर स्वामी १२७४ च्या सुमारास उत्तरेकडे निघून गेल्यावर नागदेवाचार्य आणि इतर भक्त रिद्धपूरला आले. प्रभूंचं न्हाणं, जेवण, फिरणं, सगळं ते मायेनं पाहायचे. याच मेळ्यात महदाइसा होती. बालविधवा, पण मोठी जिज्ञासू. प्रश्न विचारून विचारून चक्रधरांनाही बोलतं करणारी.

एकदा प्रभूंनी लग्नाचा हट्ट धरला. वय झालेलं, आयुष्य संन्यस्त. आपण काय केलं असतं? हे काय भलतंच, म्हणून गप्प बसवलं असतं. भक्तांनी मात्र लग्नाची तयारी मांडली. लग्नात धवळे, म्हणजे वरावरची गाणी, लागतात. ती महदाइसेनं रचली, श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर. मराठीतल्या या आद्य कवयित्रीची ओळख असलेले धवळे असे एका खेळातून जन्मले! दुसऱ्याच्या खेळात मनापासून शिरलं की शिकणं दोन्हीकडे होतं, ते असं.

म्हाइंभटांची वही

१२८७ च्या सुमारास प्रभूंचं रिद्धपुरातच निर्वाण झालं. मग म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा केल्या. छोटे छोटे प्रसंग: प्रभू कुठं गेले, काय केलं, काय बोलले, समोर कोण होतं. हे वागणं बरं की वाईट, असा शेरा न मारता.

आज थेरपिस्ट पालकांकडून नेमकं हेच मागतात. मूल ऐकत नाही, एवढ्यानं त्यांना काही कळत नाही. कोणत्या वेळी, कुठं, कशानंतर, किती वेळ, हे लिहिलेलं असेल तर उपचाराची दिशा ठरते.

आपण काय करू शकतो?

१. वही ठेवा. रोज दोनच ओळी. काय जमलं नाही हे लिहाल, तसं काय जमलं हेही लिहा.

२. मुलाच्या खेळात शिरा. बाहुला-बाहुलीचं लग्न मांडा. पत्रिका लिहिण्यात लेखन आहे, पाहुणे मोजण्यात गणित, मंगलाष्टकांत उच्चार. खेळ कसा चालेल ते मुलाला ठरवू द्या.

३. वऱ्हाडातले आपले खेळ वापरा. भुलाबाईच्या गाण्यांनंतर डबा वाजवून आतला खाऊ ओळखायचा असतो. कान लावून ऐकण्याचा आणि एकेक शब्द आठवण्याचा याहून गोड सराव कोणता?

४. शिवारात न्या. तूर, हरभरा, ज्वारी मिसळून दाणे वेगळे करायला द्या. पेन्सिल धरणारी बोटं तिथं तयार होतात. मोर्शीकडचं संत्रं मुलालाच सोलू द्या, फोडी मोजू द्या. चालताना दिसेल त्याचं नाव घ्या.

५. तज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. खेळ हा उपचाराचा सोबती आहे, त्याची जागा तो घेत नाही. वाचा-उपचार, व्यवसायोपचार लागतील तिथं घ्यावेच लागतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. त्यामुळे अशा मुलासाठी सवलत मागताना संकोच नको. तो त्याचा हक्क आहे.

शिक्षक मित्रांनो, मूल वेगळं आहे हे सर्वांत आधी वर्गातल्या इतर मुलांना कळतं, आणि त्याला काय म्हणायचं हे ती आपल्याकडे बघून ठरवतात. त्याला वेडं म्हणायचं की आपलं म्हणायचं, हा प्रश्न रिद्धपूरकरांपुढेही होता. उद्याच्या परिपाठात गोविंदप्रभूंची गोष्ट सांगा. आणि मधल्या सुट्टीत तुमच्या वर्गातलं ते मूल काय खेळतं, ते दहा मिनिटं नुसतं पाहा. वहीची पहिली नोंद तिथंच मिळेल.