व्हिपल आणि स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया

मनोहर पर्रीकर यांच्या आजारपणात स्वादुपिंडाचा कर्करोग गोव्यात घरोघरी चर्चेत आला. त्यावरील प्रमुख शस्त्रक्रिया ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते अमेरिकी शल्यविशारद ॲलन व्हिपल १८८१ मध्ये इराणातील उर्मिया येथे मिशनरी दांपत्याच्या पोटी जन्मले. १९३५ साली न्यूयॉर्कमधून त्यांनी स्वादुपिंडाचे शीर आणि लहान आतड्याचा आरंभीचा भाग दोन टप्प्यांत काढण्याची पद्धत मांडली. १९४० मध्ये हेच काम एका बैठकीत साधले. बर्लिनच्या वाल्टर काउश यांनी १९०९ मध्येच तसा प्रयत्न केला होता. नाव मात्र व्हिपल यांचेच रूढ झाले. १९६३ मध्ये ते निवर्तले. काढलेल्या भागातील लसीका ग्रंथी आज सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. एकही बाधित नसल्यास आशा अधिक. एक ते तीन बाधित असल्यास ती घटते, आणि चार वा अधिक आढळल्यास रोग परतण्याची भीती फार मोठी.