ईश्वर मनुष्य का झाला? : संत अन्सेल्म यांचे चिंतन

प्रायश्चित्त ज्याचे त्याने करावयाचे, असे आपण मानतो. मग एकाचे पाप दुसऱ्याने कसे फेडावे? या प्रश्नाने ज्यांना स्वस्थ बसू दिले नाही, ते ख्रिस्ती आचार्य म्हणजे संत अन्सेल्म.

आल्प्सच्या कुशीतील आओस्ता येथे १०३३ साली जन्मलेले अन्सेल्म १०६० मध्ये नॉर्मंडीतील बेक मठात संन्यासी झाले. १०९३ मध्ये अनिच्छेनेच त्यांनी इंग्लंडातील कँटरबरीचे धर्मपीठ स्वीकारले. धर्मपीठाच्या अधिकारांवरून राजा दुसऱ्या विल्यमशी बिनसले आणि १०९७ मध्ये त्यांना देशत्याग करावा लागला. त्याच परवासात, १०९८ साली, इटलीत त्यांनी ‘कुर देउस होमो’ हा ग्रंथ पूर्ण केला.

दयाघन ईश्वर पाप नुसतेच क्षमा का करीत नाही? अन्सेल्म म्हणतात, पाप हे ईश्वराचा मान हिरावल्याचे ऋण होय. ते न फेडता सुटले, तर न्याय आणि अन्याय एकच ठरतील. ऋण मानवाचे, फेडण्याचे सामर्थ्य मात्र ईश्वराचे; म्हणून फेडणारा देवमानवच हवा. निष्पाप ख्रिस्तावर मरणाचे देणे नव्हते. त्यांनी ते स्वेच्छेने पत्करले. क्रूसावरील मरण ही अशी शिक्षा नव्हे, भरपाई ठरते.

२१ एप्रिल ११०९ रोजी अन्सेल्म निवर्तले. दया आणि न्याय यांपैकी एकाचाही त्याग न करण्याचा त्यांचा आग्रह आजही विचारी मनाला अंतर्मुख करतो.