कार्डिनल न्यूमन यांचें विद्यार्जन

महोत्सवाच्या ह्या मंगलप्रसंगीं आपल्या धर्मग्रामांतील विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें एक चरित्र ठेवावें, असें आम्हांस वाटतें. तें कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन यांचें होय.

न्यूमन यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८०१ रोजीं लंडन शहरीं एका अँग्लिकन कुटुंबांत झाला. १८१६ सालीं वडिलांची पेढी बुडाली व घरच्या आशा ह्या वडील मुलावर खिळल्या. १८१७ सालीं ते ऑक्सफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजांत राहावयास गेले. त्या काळीं तेथील विद्येचा पाया म्हणजे ग्रीक व लॅटिन वाङ्मय. पुढच्याच वर्षीं त्यांस कॉलेजची शिष्यवृत्ति मिळाली. १८२० च्या अखेरीस पदवीपरीक्षा जवळ आली, तेव्हां ते दररोज बारा बारा तास अभ्यास करीत. त्यानें शरीर व मन थकलें. त्यांतच अपेक्षेपेक्षां एक दिवस आधीं परीक्षकांचें बोलावणें आलें आणि सारें अध्ययन ऐन वेळीं विस्मरणांत गेलें. पदवी मिळाली, परंतु सन्मानयादींत प्राचीन वाङ्मयाच्या विषयांत त्यांचें नांव दुसऱ्या वर्गाच्या तळाशीं लागलें, आणि गणिताच्या यादींत तें मुळींच नव्हतें. वय अवघें एकोणीस वर्षांचें!

तथापि त्यांनीं ग्रंथ मिटून ठेविले नाहींत. १२ एप्रिल १८२२ रोजीं ओरिएल कॉलेजनें कठीण परीक्षा घेऊन त्यांस आपले फेलो निवडिलें. तेथें पाठांतरापेक्षां बुद्धीची पारख होत असे. १८२८ पासून ते प्राचीन धर्मपित्यांचे ग्रंथ मुळांतून क्रमवार वाचूं लागले. ज्या ग्रीक भाषेनें परीक्षेंत यश दिलें नाहीं, तिनेंच त्यांस संत अथानासियस यांच्या चरणांशीं नेलें. ह्याच अध्ययनाच्या वाटेनें त्यांस सत्य ख्रिस्तसभेची ओळख पटली व ९ ऑक्टोबर १८४५ रोजीं फादर डॉमिनिक बार्बेरी यांच्या हस्तें ते कॅथलिक झाले. ओरिएलमधील पद त्यांनीं त्यापूर्वींच सोडिलें होतें.

१८५४ सालीं ते डब्लिन येथील कॅथलिक विद्यापीठाचे रेक्टर झाले. मूर्तिपूजकांचें वाङ्मय ख्रिस्ती मुलांस शिकवूं नये, असें त्या वेळीं कित्येक भाविकांचें मत होतें. न्यूमन यांनीं तें मानिलें नाहीं. श्रद्धा यरुशलेमेहून आली, तशी बुद्धीची मशागत अथेन्सहून आली, व दोन्हींचा दाता परमेश्वर एकच, असें त्यांचें प्रतिपादन होतें. मात्र १८५९ सालीं बर्मिंगहॅम येथें स्थापिलेल्या शाळेंतील मुलांकडून लॅटिन नाटकें करवितांना अनुचित भाग ते स्वतः गाळीत.

१८७७ सालीं ट्रिनिटी कॉलेजनें त्यांस आपले पहिले सन्माननीय फेलो केलें. १८७९ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं त्यांस कार्डिनलपद दिलें. ११ ऑगस्ट १८९० रोजीं ते प्रभुचरणीं लीन झाले. २०१९ सालीं ते संत म्हणून घोषित झाले व २०२५ सालीं त्यांस ख्रिस्तसभेचें आचार्यपद लाभलें.

निकालाच्या दिवशीं मान खालीं घालून घरीं येणाऱ्या मुलास, प्रिय वाचकहो, आपण हें चरित्र अवश्य सांगावें. परीक्षेचा निकाल एका दिवसाचा असतो. प्रामाणिकपणें केलेल्या विद्येचा उपयोग परमेश्वर आपल्या वेळीं करून घेतो.